किरणोपचार आणि रोग्याचें अन्न

आमचा मुळशी तालुका हा भाताचा मुलूख. पावसाळ्यापूर्वीं येथील शेतकरी राब भाजतो. शेण, पालापाचोळा, गवत आणि वाळलेल्या फांद्या यांचे थर देऊन जमिनीचा तुकडा भाजावयाचा, त्यांत भाताचें बीं टाकावयाचें, आणि रोप वाढलें कीं तें उपटून चिखलांत लावावयाचें, ही येथील पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे. रोप उपटतांना त्याच्या मुळांस इजा व्हावयाचीच. पण राब चांगला साधलेला असला तर तें रोप थोड्याच दिवसांत पुन्हां मान वर काढतें; राब दुबळा असला तर पिवळें पडून बसतें. मागाहून कितीहि खत घातलें तरी आधींची उणीव पुरतेपणीं भरून निघत नाहीं. कर्करोगावर किरणांचा उपचार घेणाऱ्या माणसाच्या अन्नाविषयीं मला आज जें सांगावयाचें आहे, त्याचें सार या राबांत आहे.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून प्राथमिक शाळेंत आयुष्य घालविलेला आणि आतां निवृत्त झालेला मी एक मास्तर. या विषयाकडे मी वळलों तो विद्येच्या हौसेनें नव्हे, तर घरांतील एका दुःखामुळें.

१९९८ सालीं माझ्या थोरल्या बंधूंच्या घशांत कर्करोग निघाला. बंधू शेतकरी, अंगानें धिप्पाड. भाताचें पोतें एकट्यानें पाठीवर घेणारे. तंबाखूची संवय मात्र होती. शहरांतील एका इस्पितळांत साडेसहा आठवडे किरण द्यावयाचे असें ठरलें. उपचार सुरू होण्यास वीस दिवसांचा अवधि होता. त्या वीस दिवसांत आमच्या घरीं काय झालें? वडीलधाऱ्या मंडळींनीं पथ्य सुरू केलें. दूध कफकारक म्हणून बंद, अंडीं उष्ण म्हणून बंद, तूप जड म्हणून बंद! त्यांत शेजारचे एक गृहस्थ येऊन सांगून गेले कीं, "फार खाल तर अंगांतला रोगच पोसाल." डॉक्टरांनीं भरपूर खाण्याविषयीं बजावलें होतें, पण भ्यालेलें घर डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षां शेजाऱ्यांच्या सांगण्यावर अधिक विसंबतें. बंधू दिवसांतून तीन वेळां पातळ पेज पिऊन राहूं लागले. किरण सुरू झाले तेव्हां त्यांचें वजन आधींच चार किलोनें उतरलें होतें. तिसऱ्या आठवड्यांत तोंड आलें, थुंकी गिळवेना. चौथ्यांत त्यांच्यानें उभें राहवेना, आणि उपचार बारा दिवस थांबवावा लागला. पुढें तो पुरा झाला. परंतु वर्षाच्या आंत रोग उलटला आणि बंधू गेले. पोटभर खाल्लें असतें तर ते वांचले असते, असें मी म्हणत नाहीं. तें कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. पण ते बारा दिवस रोगानें नेले नाहींत, आमच्या पथ्यानें नेले, ही गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं.

निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां या प्रश्नाचा इतिहास मी धुंडाळूं लागलों. आमची चूक ही आमच्या एकट्याच्या अडाणीपणाची होती, कीं जगानेंहि ती कधीं केली होती, हें मला पाहावयाचें होतें. जें आढळलें तें आपणांपुढें ठेवतों.

हा इतिहास रॉंटगेन या जर्मन शास्त्रज्ञापासून सुरू होतो. त्यांस ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं क्ष-किरणांचा शोध लागला. १८९८ सालीं पॅरिस येथें क्युरी दांपत्यानें रेडियम शोधून काढलें. ह्या नव्या शक्ति गांठी वितळवूं शकतात असें दिसतांच डॉक्टरांनीं त्यांचा उपयोग सुरू केला. पण किरण हे दुधारी शस्त्र आहे, हेंहि लवकरच अनुभवास आलें. १८९७ सालींच डेव्हिड वॉल्श या डॉक्टरांनीं क्ष-किरणांच्या सान्निध्यांत राहिलेल्यांच्या पोटाच्या तक्रारींची नोंद केली होती. पुढें किरण घेतल्यावर येणाऱ्या मळमळीस व ग्लानीस जर्मन डॉक्टरांनीं एक बोलकें नांव दिलें. त्याचा अर्थ असा कीं, रात्रीं मद्य प्यालेल्यास सकाळीं जी अवस्था येते, ती किरणांनीं आली आहे.

असें कां व्हावें? किरणांचा मारा सर्वांत जास्त लागतो तो झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, म्हणून त्या मरतात. परंतु तोंडाचें, घशाचें व आंतड्याचें आंतील अस्तरहि सदा नवें होत असतें. आपल्या शरीरांत रोज झीज होऊन रोज भरून निघणाऱ्या जागा त्याच. म्हणून किरण ज्या भागावर पडतात त्या भागाचें अस्तर सोलवटून निघतें. घशावर किरण घेणाऱ्याचें तोंड येतें, लाळ आटते, चव जाते, घांस उतरत नाहीं. पोटावर घेणाऱ्यास मळमळ व जुलाब होतात. म्हणजे उपचार जसा रोगावर चालतो, तसाच तो अन्नाच्या वाटेवरहि चालतो.

प्रारंभीं पुष्कळसे डॉक्टर एकदोन बैठकींतच मोठी मात्रा देत. पॅरिसच्या रेडियम संस्थेंतील क्लॉड रेगो यांनीं मेंढ्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, तीच मात्रा अनेक दिवसांत विभागून दिली तर इष्ट परिणाम होतो आणि वरची कातडी बचावते. त्याच संस्थेंतील आंरी कुतार यांनीं ही रीत घशाच्या कर्करोगास लावली आणि १९२२ सालीं पॅरिस येथील परिषदेंत बऱ्या झालेल्या रोग्यांची हकीकत सांगितली. आजचा किरणोपचार आठवड्यांतून पांच दिवस, असे सहासात आठवडे चालतो, त्याचें मूळ येथें आहे. पण या सुधारणेबरोबर एक नवी जबाबदारी येऊन पडली. उपचार दोन दिवसांत आटोपत होता तोंवर भुकेचा प्रश्नहि चार दिवसांचा होता. उपचार सात आठवड्यांचा होतांच रोग्यास जगविणें हाहि उपचाराचा भाग झाला. तोंडाचें अस्तर साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत सोलवटूं लागतें. तेथून पुढचे महिनाभर रोग्यानें तग धरावयाचा तो कशाच्या जोरावर? आधीं सांठविलेल्या शक्तीच्या!

या प्रश्नाची निकड १९३२ सालीं एका अमेरिकन डॉक्टरांच्या कामानें उघड झाली. शील्ड्स वॉरन यांनीं कर्करोगानें मेलेल्या ५०० जणांच्या शवचिकित्सा पाहून मृत्यूचें प्रत्यक्ष कारण शोधलें. सुमारें शंभरांत बावीस जणांच्या बाबतींत त्यांना दुसरें कांहींच कारण सांपडलें नाहीं. तीं माणसें केवळ झिजून मेलीं होतीं. इतर कोणत्याहि एका कारणापेक्षां हा आंकडा मोठा होता.

हें सारें परदेशांत घडत असतां आपल्याकडे काय स्थिति होती? मुळशीच्या बाजूस कोणास कर्करोग झाला कीं "त्याला टाटाला नेलें" असें म्हणतात. टाटा हें नांव मुळशीकरांस प्रथम निराळ्याच प्रसंगानें परिचित झालें. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें येथें धरण बांधण्यास घेतलें, तेव्हां १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, येथील मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट यांचें नांव त्यामुळेंच महाराष्ट्रभर झालें. सत्याग्रह हरला, धरण झालें, आणि भाताचीं उत्तम खाचरें पाण्याखालीं गेलीं. त्या वेळीं टाटांच्या उद्योगांचे प्रमुख होते सर दोराबजी टाटा. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं वेल्समध्यें रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. दुसऱ्याच वर्षीं दोराबजीहि गेले. त्यांनीं मागें ठेवलेल्या विश्वस्तनिधींतून मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्तें तें उघडलें गेलें. आरंभीं खाटा होत्या ८०. १९५७ सालीं तें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ सालीं अणुशक्ति खात्याकडे गेलें. ज्या नांवापायीं आमचीं खाचरें बुडालीं, त्याच नांवाच्या दारांत आमचीं माणसें आज प्राण वांचविण्यासाठीं उभीं असतात. इतिहासाचा हिशेब हा शाळेंतील वजाबाकीसारखा सरळ नसतो.

त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली. १९४४ सालीं त्यांनीं मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. आपल्या देशांत पानतंबाखू चघळण्याची संवय आणि तोंडाचा कर्करोग यांची जोडी किती दाट आहे, हें त्यांच्यासारख्यांच्या श्रमांमुळें जगास कळलें. आमच्या विषयाशीं याचा संबंध असा कीं, आपल्याकडील या रोगानें ठाण मांडलें तेंच मुळीं अन्नाच्या वाटेवर. गालांत, जिभेवर वा घशांत गांठ असलेला माणूस इस्पितळाची पायरी चढतो तेव्हांच अर्धपोटीं असतो. त्यावर किरण पडले कीं उरलेली वाटहि बंद होते. त्यांतून खेड्यांतून आलेला रोगी असला तर मुंबईंत ना घर, ना चूल. गाडगे महाराजांच्या नांवाची दादरची धर्मशाळा अशा रोग्यांस व त्यांच्या आप्तांस आसरा देते, त्या आसऱ्याची किंमत ज्यानें तेथें रोग्यासाठीं मऊ भात शिजविला असेल त्यालाच कळेल.

वाट बंद झालेल्या रोग्यास अन्न द्यावें कसें, याचेंहि उत्तर माणसानें हळूहळूच शोधलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जॉन हंटर या शस्त्रवैद्यानें गिळतां न येणाऱ्या एका रोग्यास ईल माशाच्या कातड्याच्या नळीनें पोटांत अन्न घातलें. १९२१ सालीं लंडनच्याच गायज रुग्णालयांतील जॉन राईल यांनीं जठरांतील रस तपासण्यासाठीं एक बारीक नळी वापरांत आणली. आपल्या इस्पितळांतून नाकावाटे पोटांत घातली जाणारी 'राईल्स ट्यूब' ती हीच. रस बाहेर काढण्यासाठीं झालेली नळी पुढें अन्न आंत घालण्यासाठीं अधिक उपयोगी पडली. १९६८ सालीं अमेरिकेंत स्टॅन्ले डड्रिक व त्यांचे सहकारी यांनीं कुत्र्याचीं पिलें केवळ शिरेवाटे दिलेल्या अन्नावर वाढवून दाखविलीं, आणि तीच रीत एका तान्ह्या मुलासहि लावली. १९८० सालीं गॉडरर व पॉन्स्की यांनीं दुर्बिणीच्या साह्यानें, पोट न फाडतां, बाहेरून थेट जठरांत नळी बसविण्याची युक्ति प्रसिद्ध केली.

शिरेवाटे अन्न देतां येऊं लागल्यावर साहजिकच मोठी आशा उत्पन्न झाली. कर्करोगाच्या रोग्यांस सरसकट असें अन्न द्यावें म्हणजे ते औषधें व किरण सहज सोसतील, असें अनेकांस वाटलें. पण अनुभव निराळा आला. ज्यांचें पोट चालत होतें अशांना शिरेवाटे अन्न दिल्यानें लाभ न होतां जंतुसंसर्ग मात्र वाढला. १९८९ सालीं अमेरिकेंतील वैद्यांच्या एका मान्यवर संस्थेनें, कर्करोगावर औषधें घेणाऱ्यांस असें अन्न सरसकट देऊं नये, असा स्पष्ट सल्ला दिला. ज्याचें आंतडें काम देतें त्याचें अन्न आंतड्यावाटेच गेलें पाहिजे, हा त्यांतील धडा. आमच्या आजीस हें शिकवावें लागलें नसतें. पण शास्त्रास तें पडताळून पाहावें लागतें, आणि तेंच योग्य.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. अन्न द्यावें हें ठरलें. पण कधीं द्यावें? रोगी खचल्यावर, कीं खचण्यापूर्वीं? १९८० सालीं डेवीस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३,०४७ रोग्यांची माहिती तपासून प्रसिद्ध केली. औषधोपचार सुरू होण्यापूर्वींच ज्यांचें वजन उतरलें होतें, ते इतरांपेक्षां सामान्यतः कमी जगले, असें तींत आढळलें. म्हणजे घसरण उपचारापूर्वींच सुरू झालेली असते. पुढें २००४ सालीं ऑस्ट्रेलियांत किरणोपचार घेणाऱ्या ६० रोग्यांवर एक प्रयोग झाला. उपचाराच्या आरंभापासूनच ज्यांना आहारतज्ज्ञाचा वैयक्तिक व नियमित सल्ला मिळाला, त्यांचें वजन कमी उतरलें व त्यांचें जिणें अधिक सुसह्य झालें. २००५ सालीं पोर्तुगालमधील पॉला रावास्को व त्यांचे सहकारी यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगासाठीं किरण घेणाऱ्या १११ रोग्यांचे त्यांनीं तीन गट केले. एकास नेहमींच्या अन्नांतूनच काय व कसें खावें याचा सल्ला दिला. दुसऱ्यास पौष्टिक पेयें दिलीं. तिसऱ्यास त्याच्या मर्जीवर सोडलें. उपचार संपून तीन महिने झाल्यावर पाहतां पहिला गट सर्वांत चांगला टिकला होता. डब्यांतील पेयाचा लाभ तें चालू होतें तोंवरच झाला. ताटांतील अन्न समजून खाण्याची संवय मागें उरली. 

रोगास उपाशी मारावा ही समजूत मात्र कोणत्याहि कसोटीस उतरलेली नाहीं. आपण खाल्लें नाहीं म्हणून गांठ उपाशी राहत नाहीं. शरीर आपलें मांस मोडतें आणि गांठ त्यावरहि वाढते. उपाशी राहतो तो फक्त माणूस. शिवाय घशावर किरण घेणाऱ्याच्या चेहऱ्याच्या मापाचा एक मुखवटा करतात, जेणेंकरून किरण रोज नेमक्या जागीं पडावे. चेहरा वाळला कीं मुखवटा सैल होतो आणि मोजमाप पुन्हां करावें लागतें. उपचारांत जितका खंड, तितकी रोगास पुन्हां उभारी धरण्यास सवड.

हें सारें वाचून मीं आमच्या बंधूंचा हिशेब मांडला. मास्तराची खोड जात नाहीं! युरोपांतील आहारवैद्यकाच्या तज्ज्ञांचा आजचा दंडक असा आहे कीं, कर्करोग्यास वजनाच्या दर किलोमागें दिवसास २५ ते ३० कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनें मिळावीं. ६० किलोच्या माणसास म्हणजे १,५०० ते १,८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिनें. शंभर ग्रॅम तांदुळांत साडेतीनशेंच्या आसपास कॅलरी व सातआठ ग्रॅम प्रथिनें असतात. बंधूंच्या तीन वेळांच्या पेजेंत मिळून शंभर ग्रॅम तांदूळ पडत असतील किंवा नसतीलहि. त्यांच्या गरजेचा चौथा हिस्सासुद्धां आम्ही त्यांना देत नव्हतों, आणि त्यास आम्ही पथ्य म्हणत होतों.

आमच्या आंबेमोहोराच्या पेजेला मी दोष देत नाहीं. सोललेल्या घशाला तिच्यासारखें मऊ अन्न नाहीं. पण ती एकटी पुरत नाहीं. तीच दाट करावी; पाण्याऐवजीं दुधांत शिजवावी; तींत तूप सोडावें; मुगाची डाळ एकजीव शिजवून घालावी. मुगाच्या शंभर ग्रॅम डाळींत चोवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनें असतात, एका अंड्यांत सहा ग्रॅमच्या सुमारास. नाचणीचें सत्त्व, पिकलेलें केळें, मऊ खीर, ज्यांना चालतें त्यांना अंडें, हीं सर्व आमच्या घरांत होतीं. तिखट, आंबट व कडक भाकरी तेवढी दूर ठेवावयाची. दोन मोठ्या जेवणांऐवजीं सहा लहान जेवणें द्यावयाचीं. ज्यांना मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारूनच आहार ठरवावा. आणि गिळणें अशक्य होईल असें डॉक्टर म्हणाले तर नळीस भिऊं नये. खेड्यांत नाकांतील नळी म्हणजे शेवटची घटका, अशी समजूत आहे. वस्तुतः ती नळी म्हणजे वाट दुरुस्त होईतोंवर काढलेली पायवाट आहे. वाट मोकळी झाली कीं ती काढून टाकतात.

आमच्या वहिनी आतां सत्तरीच्या पुढें आहेत. आसपासच्या वाड्यांवर कोणास हा रोग निघाला असें कळलें कीं त्या स्वतः जातात. धीराचे चार शब्द सांगण्यापूर्वीं त्या एक प्रश्न विचारतात, "वजन केलंत का?" घरीं काटा नसला तर त्या रोग्यास भाताच्या गिरणीवर नेतात, पोत्यांच्या काट्यावर उभा करतात आणि आंकडा भिंतीवर कोळशानें लिहून ठेवावयास लावतात. दर आठवड्यास नवा आंकडा. तो उतरला कीं त्या घरच्यांस डॉक्टरांकडे पिटाळतात. तिसऱ्या आठवड्याची वाट पाहूं देत नाहींत. शिक्षण त्यांचें दुसरी इयत्ता. पण वॉरन, डेवीस आणि रावास्को यांनीं जें मोठ्या कष्टानें सिद्ध केलें, त्याचें मर्म त्या कोळशाच्या आंकड्यांत उतरलें आहे, असें मला वाटतें.

श्रोतेहो, किरण द्यावयाचे कीं नाहीं, किती द्यावयाचे, हें डॉक्टर ठरवितील. तें आपलें काम नव्हे. पण सल्ला मिळाल्यापासून पहिला किरण पडेपर्यंत जे दिवस हातीं असतात, ते घरच्यांचे असतात. आम्हांस असे वीस दिवस मिळाले होते. आपणांपैकीं कोणावर असा प्रसंग न येवो. आलाच, तर ते दिवस वायां दवडूं नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.